थाप

बेचाळीस सेकंद उरले होते.
हे मी घड्याळात पाहिलं, त्याने नाही.
त्याला तेव्हा जाळीतून
माझे बूट दिसत असावेत फक्त,
आणि बादली.

पहिल्या फेरीत भानुदास थोपटे
एकेचाळीस वर्षांचा नव्हताच.
दोनदा उचलून आपटलं त्याने त्या पोराला.
बालेवाडीचा हॉल उभा राहिला,
मागच्या रांगेत मार्केट यार्डाच्या फूलबाजारातले आमचे हमाल
"उचल भान्या, पोतंच हाय ते!"
तो हसलासुद्धा, दातांवरचं रबर दाखवत.

दुसऱ्या फेरीनंतर स्टुलावर बसला नाही,
सांडला.
मी मानेवर बर्फ धरला. नाकाने श्वास घे, म्हटलं.
त्याने असं पाहिलं माझ्याकडे,
की पहाटे साडेतीनपासून झेंडू तोलतोय
आणि मी सांगायला आलोय,
आणखी एक टेम्पो लागलाय.

दम संपताना आवाज होत नाही.
हात खाली येतात, एवढंच.
हनुवटीवरून छातीशी,
छातीवरून बरगडीशी,
दुपारनंतर फुलांचा भाव उतरतो तसे.
समोर ओजस कुदळे, वय तेवीस, राहणार वारजे.
तरुणांना घाई असते म्हणतात. खोटं आहे.
तो आरामात वाट बघत होता.
घाई भान्याला होती.

तिसऱ्या फेरीत दोघं खाली गेले.
गंज पेठेच्या तालमीत वस्ताद एकच सांगायचे,
पाठ लागली की संपलास,
जीव गेला तरी चालेल, पालथा हो.
तो पालथा झाला.
विचारून नाही. तीस वर्षं मुरलेलं अंग
आपलं आपणच वळलं,
पोट मातीकडे.
पण खाली माती नव्हती.
घामाने चिकट झालेली मॅट होती,
आणि या खेळात पाठ लागून कुणी हरत नाही,
पाठ देऊन हरतो.
पोरगं वर चढलं, तंगड्या अडकवल्या,
हनुवटीखालून हात सरकवला,
घाई न करता.

पाठ वाचली.
गळ्याशी आलं.

टॉवेल माझ्या खांद्यावर होता.
आत जाताना बजावलं होतं त्याने,
"ते फडकं टाकलंस तर उद्यापासून ओळख नाही."
म्हणून मी ते मुठीत धरून ठेवलं.
मैत्रीने की भीतीने,
अजून ठरत नाही.

मग त्याचा उजवा हात उठला.
याच हाताने बारा वर्षांचा भान्या शड्डू ठोकायचा
तेव्हा समोरच्या पिठाच्या गिरणीतली माणसं
वळून बघायची.
तोच तळवा पोराच्या दंडावर पडला.
एकदा, चुकून लागल्यासारखा.
थांबला.
मग दोनदा.
ऐकू कुणालाच आलं नाही. पंचांनी पाहिलं.

जन्मभर थापा मारल्या त्याने.
गुडघा बरा आहे.
उल्का, आज नुसता सराव आहे गं.
ही शेवटची, आईशप्पथ.
(ही तर चार वेळा.)
ही एवढीच खरी निघाली.

कपडे बदलायच्या खोलीत पोरगं पाया पडायला आलं.
भान्याने त्याच्या पाठीवर हात ठेवला, म्हणाला,
"नखं काप रे. मानेला लागली."

पार्किंगमध्ये त्याला हेल्मेटचा पट्टा लागेना,
बोटं थरथरत होती. मी लावला.
रात्री साडेअकराला विद्यापीठ चौकात
अजूनही नव्वदचा सिग्नल.
मागून आवाज आला,
"किती उरलं होतं?"

आकडे उलटे पळत होते. सत्तर. एकोणसत्तर.

"दोन मिनिटं," मी म्हटलं. "वर थोडं."

"मग ठीक," तो म्हणाला,
आणि हेल्मेटसकट डोकं
माझ्या पाठीला टेकवलं.